फिल्मच्या कोपऱ्यातले ठिपके

१

आंजी गावच्या बाजारगल्लीत चक्कीचा पट्टा फिरायला लागला की शेजारच्या बायांना घड्याळ पाहायची गरज राहत नसे. चक्की सुरू झाली म्हणजे ज्योत्स्नाचं घरचं आटोपलं, पोरीची वेणी झाली, नवऱ्याची सकाळची गोळी झाली. आधी चक्की तिचा नवरा योगेंद्र चालवायचा. आता तो बाजूच्या खुर्चीवर बसून लोकांच्या डब्यांवर खडूनं नावं लिहायचा आणि चक्की ज्योत्स्ना चालवायची. ज्वारीला दगड किती आवळायचे, गव्हाला किती, हे तिनं वर्षभरात शिकून घेतलं होतं. दाणा संपला की दगडांचा आवाज कोरडा होतो, दातावर दात घासल्यासारखा. तो आवाज आला की ती हातातलं काम टाकून धावायची.

याच चक्कीसमोर योगेंद्र एकदा ताठ होऊन पडला होता. तोंडाला फेस, हात वाकडा. डोक्यात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक झाले, केस गेले. डॉक्टर मॅडमनी तेव्हाच खरं ते सांगून टाकलं. ही गाठ परत येणाऱ्या जातीची आहे, केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून मधून मधून मशीनमध्ये डोकं पाहत राहावं लागेल.

पण योगेंद्र बरा होता. नुसता बरा नाही, खूश होता. आधी गिऱ्हाइकावर खेकसणारा माणूस आता दिवसभर हसवत बसायचा. केस परत आले होते, वांग्याच्या भाजीला दुसऱ्यांदा हात पुढे करायचा. ज्योत्स्नाला कधी कधी वाटायचं, दुखण्यानं आपलं घर मोडलं नाही, उलट जोडून दिलं. पण हे ती कोणाला सांगत नसे. सुख बोलून दाखवायची तिला भीती होती.

त्यांची पोरगी प्रेरणा, बापाची पेरू, पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी आले. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की उसण निघते असं गावात सारेच मानतात, त्यामुळे पाच वर्षांच्या त्या पोरीकडे रोज कोणी ना कोणी कंबर धरून यायचं.

"पेरू, ये माय, लवकर ये. कंबर धरली बुढ्याची," असं म्हणत डोमाजी बुवा गव्हाची पिशवी ठेवून ओट्यावरच पालथे पडायचे.

"आधी बिस्कीट."

"अवं, आधी पाय तं लाव!"

"बिस्कीट."

"पक्की दुकानदाराची पोट्टी हाये वो ही," डोमाजी बुवा मान वर करून म्हणायचे आणि योगेंद्र पोट धरून हसायचा. मग प्रेरणा गंभीर तोंड करून त्यांच्या कमरेवर उजवा पाय ठेवायची. डोमाजी बुवा उठायचे ते खरंच ताठ उठायचे.

२

मशीनच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. आत जाताना योगेंद्रनं कमरेचा करदोडा सोडून ज्योत्स्नाच्या हातात दिला. जाड दार लागलं आणि आवाज सुरू झाला. ठक ठक ठक, मग घर्रर्र, मग पुन्हा ठक ठक. ज्योत्स्नाला तो आवाज ओळखीचा वाटला. मोठ्या दगडांची चक्की असावी तसा. फक्त आत आपला माणूस आहे एवढाच फरक, असं तिच्या मनात आलं आणि तिनं तो विचार झटकून टाकला.

डॉक्टर मॅडम पुण्याकडच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी दोघांना आत बोलावून कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे आमच्याकडे नवीन आलंय. हजारो पेशंटच्या डोक्याचे फोटो याला दाखवलेत, आणि त्या प्रत्येकाचं पुढे काय झालं तेही सांगितलंय. आता तुमचा फोटो दाखवला की हे अंदाज सांगतं. पुढे कसं राहील त्याचा."

"पोपट हाये म्हना ना," योगेंद्र म्हणाला. "चिठ्ठी काढनारा."

मॅडम हसल्या. "पोपटापेक्षा बरं आहे. आतापर्यंत फारसं चुकलेलं नाही."

पडद्यावर एक आडवी पट्टी होती. ती हिरवी होत होत बरीच पुढे जाऊन थांबली. मॅडमच्या भुवया वर गेल्या. "अरे वा. छान सांगतोय तुमचा पोपट. इतकं छान तर मलाही वाटलं नव्हतं."

बाहेर येऊन दोघांनी तर्रीपोहे खाल्ले. योगेंद्रनं आणखी तर्री मागून घेतली. ज्योत्स्नानं मनातल्या मनात केळझरच्या गणपतीला नारळ बोलून टाकला. फिल्मचा मोठा लिफाफा तिनं एसटीत मांडीवर आडवा धरला, भरलेलं ताट धरावं तसा.

३

घरी आल्यावर पहिलं दिसलं ते हे की पोरगी झोपली होती. दुपारची कधी न झोपणारी पोरगी.

"खेळता खेळता ओट्यावर बसली," सासूबाई रुख्मिणी म्हणाल्या, "आन् बसल्या बसल्या निजली. एक पाय समोर करून. मीच उचलून आनली."

ज्योत्स्नानं तिच्या अंगावर गोधडी सारली. उजवा पाय हाताला लागला. गार होता, माठाच्या बुडासारखा.

दुसऱ्या दिवशी चक्कीवर गर्दी ओसरल्यावर तिनं फिल्म काढली आणि दाराच्या उजेडात धरली. काळ्या फिल्मवर डोक्याच्या चित्रांच्या रांगा होत्या, एक कोबी वरून खालपर्यंत कापत जावा आणि प्रत्येक काप वेगळा मांडावा तशा. गाठ काढली तिथला खड्डा मॅडमनी बोटानं दाखवला होता. तो तिनं बरोबर शोधला. खड्डा स्वच्छ होता. तिला बरं वाटलं. मग ती तशीच पाहत राहिली आणि एका कापात, डोक्याच्या बाहेर, काळ्या कोपऱ्यात तिला पांढरे ठिपके दिसले.

ठिपके म्हणजे बारीक गोल कडी होती. एका ओळीत पाच. पहिलं मोठं, मग लहान, मग आणखी लहान. ओळ सरळ नव्हती, किंचित वळली होती.

तिनं फिल्म पदरानं पुसली. ठिपके आतलेच होते.

"छापताना पडले असन," योगेंद्र म्हणाला. त्यानं नीट पाहिलंही नाही.

तिलाही ते पटलं. मशीनच ते. आपल्या चक्कीतून नाही का कधी गव्हाच्या पिठात बेसनाचा पिवळा डाग येत? ती फिल्म लिफाफ्यात घालायला वळली. तेवढ्यात प्रेरणा पलीकडून पळत आली आणि जमिनीवर सांडलेल्या पिठातून तरातरा गेली.

"पेरू! पाय भरवले ना!"

ज्योत्स्ना झाडू घ्यायला वाकली आणि तशीच राहिली. पिठात पावलं उमटली होती. प्रत्येक पावलाच्या पुढे पाच गोल ठसे. पहिला मोठा, मग लहान, मग आणखी लहान. ओळ सरळ नव्हती, किंचित वळली होती.

तिनं झाडून घेतलं. झाडताना स्वतःला म्हणाली, पाच गोल कशाचेही होतात.

४

पुढच्या खेपेला योगेंद्र आत गेल्यावर तिनं मशीनवरच्या सचिनला गाठलं. सचिन सेलूचा, बोलका पोरगा. तिनं जुनी फिल्म त्याच्यासमोर धरली.

"हे काय हाये, दादा?"

"हे होय? काई नाई, वहिनी. मशीनले जेवढा भाग पाहाले सांगतला तेवढाच ते पायते. बाजूचं काई मधात आलं का ते भलत्याच जागी उमटते. कधी कधी नाक कानाच्या मागं दिसते पाहा मानसाचं."

"पन बाजूले कोन असते?"

"कोनीच नसते. एकटाच मानूस असते आत."

"मंग?"

सचिननं फिल्म पुन्हा उजेडाला धरली. जरा जवळ धरली. "त्यायचाच खांदा असन," तो म्हणाला आणि फिल्म परत देऊन टाकली.

त्या दिवशीच्या नव्या चित्रात ठिपके कोपऱ्यात नव्हते. कानाला येऊन टेकले होते.

मॅडमच्या पडद्यावरची पट्टी या वेळी आणखी पुढे गेली होती. मॅडम खूश होत्या, पण पेन गालावर आपटत बसल्या होत्या. "एक गंमत दाखवते," त्या म्हणाल्या. "हा अंदाज सांगताना कॉम्प्युटर फोटोत नेमकं कुठे बघतो, ते लाल रंगानं दाखवता येतं. खरं म्हणजे त्यानं गाठीच्या जागेकडे बघायला हवं. बघा."

त्यांनी बटण दाबलं. डोक्याचं चित्र राखाडीच राहिलं. खड्डा राखाडी, मेंदू राखाडी. लाल रंग उमटला तो कानाबाहेर, ठिपक्यांवर.

"हा डोक्याबाहेर बघतोय," मॅडम म्हणाल्या. "का, ते आम्हालाही शोधायचंय. पण काळजी करू नका. अशा आणखी काही पेशंटमध्ये त्यानं असंच केलंय, आणि ते सगळे छान आहेत."

"आन् ज्यायच्यात नाई केलं?" ज्योत्स्नानं विचारलं.

मॅडमनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. "प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं," त्या हळूच म्हणाल्या.

योगेंद्र एसटीत गाणं गुणगुणत होता. घरी पोहोचल्यावर ज्योत्स्ना चपला न काढता आत गेली. प्रेरणा ओट्याच्या कडेला बसली होती, एक पाय हवेत पुढे केलेला. डोळे उघडे होते.

"पेरू?"

पोरगी झोपेतून उठल्यासारखी दचकली. मग आईला पाहून हसली. उठायला गेली आणि उजवा पाय टेकताच पडली.

"मुंगी आली पायाले," ती म्हणाली.

५

मुंगी उतरली, पण पूर्ण उतरली नाही. पोरगी पळायची, मात्र पळताना उजवा पाय थोडा उशिरा यायचा. ज्योत्स्ना तिळाचं तेल कोमट करून रोज चोळायची. अंघोळीच्या दगडावर बसवून पाय मांडीवर घ्यायची.

"आई, बाबाच्या मशीनमधी लय आवाज येते, नाई?"

ज्योत्स्नाचा हात थांबला. पोरगी दवाखान्यात त्या खोलीकडे कधी गेलीच नव्हती. लहान पोरांना तिथे सोडत नाहीत.

"तुले कोनं सांगतलं?"

"पांढरा पाइप हाये. आत लाइट हाये. बाबा डोये मिटून राह्यते." तिनं तांब्यात बोट बुडवलं. "मी पाय ठेवतो ना बाबाच्या डोक्यावर. मंग त्यायले भेव नाई लागत."

"डोक्यावर पाय? बापाच्या डोक्यावर पाय ठेवत असते का कोनी?"

"आजीनं सांगतलं."

ज्योत्स्ना ओल्या हातानं तशीच स्वयंपाकघरात गेली. सासूबाई आंबाडीची भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण ऐकलं होतं.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी," त्या म्हणाल्या. "तू औषध आनाले गेलती. वार्डात कोनी नव्हतं. म्यां पोरीले पलंगावर चढवलं न् म्हनलं, दुखते तिथं पाय लावजो. ठेवला तं ठेवला! माहा पोरगा जगला का नाई?"

"आई, पोरीचा पाय बापाच्या डोक्याले? पाप नाई का ते?"

"पाप माह्या डोक्यावर घेतो मी. कमरेची उसण काढते तं डोक्याची गाठ काऊन नाई काढनार?" त्यांनी एक देठ कचकन मोडला. "तेव्हा पोरीले मीच म्हनलं होतं, बाबा बरे होईपर्यंत पाय काढू नको. लेकरू आयकनारं हाये. नाई काढला."

 ती म्हणणार होती की हे सारं खोटं आहे, पोरीच्या पायाला डॉक्टरची गरज आहे, फिल्मवरचे ठिपके मशीनची खोट आहे. हे सगळं तिला खरंच वाटत होतं. पण मग पांढरा पाइप?

तिनं पोरीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पायावर हातोडी मारून पाहिली, ताकदीची बाटली दिली आणि वाढत्या वयात होतं असं म्हणाले.

६

योगेंद्रला सांगावं की नाही, यात तिचे कितीतरी दिवस गेले. तो इतका सुखात होता. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचा, पोरीला मांडीवर घेऊन तिला खडूनं अक्षरं काढायला शिकवायचा. एकदा बोलता बोलता स्वतःच म्हणाला, "खरं सांगू? लोकं त्या मशीनले भेतात. मले तिथं लय शांत वाटते. आत गेलं का कोनी तरी आपलं डोकं दाबून धरल्यासारखं वाटते. हलकंच. लहानपनी ताप आला म्हंजे माय धरे ना, तसं."

"कोन धरते?"

"कोनी नाई वो. वाटते म्हनलं." तो हसला. "तू काऊन अशी पाहून राह्यली?"

तिनं नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तो मशीनमध्ये पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे तिला माहीत होतं. आणि गेला नाही तर डोक्यात काय चाललंय ते कळणार कसं?

मग एका दुपारी प्रेरणा शेताकडून आजीबरोबर आली आणि अंगणभर लाल ठसे उमटले. बाभळीचा लांब काटा तळपायात शिरून वरून टोक बाहेर आलं होतं. पोरगी त्याच पायानं शेताच्या धुऱ्यापासून घरापर्यंत चालत आली होती, हातातली बोरं खात.

"दुखलं नाई का, माय?" ज्योत्स्नानं काटा ओढताना विचारलं. 

"काय दुखलं?" प्रेरणानं विचारलं.

ती बोरं खातच होती.

रात्रीचं जेवण झाल्यावर सासू-सुनेत पहिल्यांदा आवाज चढला, तोही योगेंद्रला ऐकू जाऊ नये असा दाबून.

"पुढच्या खेपेले मी पोरीले संग नेतो," ज्योत्स्ना म्हणाली. "ते आत जातीन तेव्हा पाय माह्या हातात ठेवतो."

"आन् याले काई झालं म्हंजे?"

"आन् पोरीचा पाय गेला म्हंजे?"

"पाय गेला तं काठी घेऊन चालन. बाप गेला तं काय घेऊन चालन?"

 एका हातात नवरा होता, एका हातात पोरगी. आणि एकाला घट्ट धरलं की दुसरं सुटणार होतं.

७

लहान पोरांना आत सोडत नाहीत, पण बाहेरच्या बाकावर बसू देतात. ज्योत्स्ना भिंतीला पाठ लावून बसली. प्रेरणाला मांडीवर घेतलं, तिचा उजवा पाय पदरात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी धरला. योगेंद्र आत जाताना पोरीकडे पाहून हसला.

"पेरू, तुह्या आईले सांभाळजो. लय घाबरते ते."

जाड दार लागलं. ठक ठक ठक.

पहिल्यांदा काही झालं नाही. समोर एक बाई संत्रं सोलत होती. सालीचा वास येत होता, वर पंखा फिरत होता. ज्योत्स्नाला स्वतःचं हसू आलं. भरल्या दुपारी, एवढ्या माणसांत, आपण पोरीचा पाय धरून बसलो आहोत.

मग पाय हलला.

पोरीनं हलवला नव्हता. पोरगी तर तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. पाय कोणी ओढतही नव्हतं. पायच जात होता, उतारावर पाणी जातं तसा, दाराच्या दिशेनं. ज्योत्स्नानं पकड घट्ट केली. हातातला पाय गार पडायला लागला. बोटं आधी, मग चवडा, मग टाच.

"आई, सोड ना," प्रेरणा कानाशी म्हणाली.

"नाई सोडत."

"सोड ना वो. बाबा एकटे हायेत आत."

ज्योत्स्नानं डोळे मिटून घेतले. हात तिचे कधी सैल होतील याचा तिला भरवसा नव्हता. तर्री मागून घेणारा योगेंद्र तिला दिसला. खडूनं अक्षरं काढून देणारा दिसला. मग काटा आरपार गेलेला पाय दिसला, आणि ती धरून राहिली.

आत आवाज बदलला. तिनं तो ओळखला, रोजचा होता. दगडांत दाणा संपल्याचा आवाज. दातावर दात. भिंत पाठीला थरथरत होती. अंगात सवय होती, जिथं असेल तिथून धावायची. ती उठली नाही. रडत होती, पण उठली नाही.

कोरडा आवाज चालत राहिला. बाईचं संत्रं हातातच राहिलं होतं, तीसुद्धा दाराकडे पाहायला लागली.

आणि मग दाणा पडला. एकदम, खूप, पोतं उलटं करावं तसा. दगड भरल्या तोंडानं फिरायला लागले. असा जड, पोटातून येणारा आवाज ज्योत्स्नानं आपल्या चक्कीतून कधी ऐकला नव्हता.

हातातला पाय सैल पडला. मग हळूहळू ऊब आली. चवड्याला, टाचेला. प्रेरणानं बोटं हलवली.

"गुदगुल्या होतेत, सोड," ती म्हणाली. मग दाराकडे पाहून जांभई दिली. "आता नाईत ते एकटे."

"कोन हाये?"

"मले नाई माहीत. मोठं हाये."

८

मॅडम स्वतः उठून दारापर्यंत आल्या. त्यांना आनंद लपवता येत नव्हता. डोकं स्वच्छ होतं, गाठीचा मागमूस नव्हता, आणि पडद्यावरची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी भरली होती.

"अशी पट्टी मी कोणाचीच बघितली नाही," त्या म्हणाल्या. "म्हातारे व्हाल तुम्ही. पोरीचं लग्न लावाल, नातवंडं खेळवाल."

योगेंद्रनं दोन्ही हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्योत्स्नाच्याही आलं, आणि ते खरं होतं.

"लाल कुठं हाये?" तिनं विचारलं.

मॅडमनी बटण दाबलं. पडद्याची अर्धी बाजू लाल झाली. डोक्याबाहेरचा सारा काळोख लाल होता, कानापासून कडेपर्यंत. "हे मात्र मशीनचंच काहीतरी आहे," मॅडम म्हणाल्या. "सचिनला दाखवते. तुम्ही विसरा."

फिल्म हातात आल्यावर ज्योत्स्नानं ती खिडकीच्या उजेडाला धरली. एकदाच. पोरीचे बारीक ठिपके नव्हते. त्यांच्या जागी मोठाली कडी होती, एकेक अंगठीएवढं, योगेंद्रच्या डोक्याला वरून वेढून बसलेली. तिनं ती मोजली. पुन्हा मोजली. माणसाच्या पायाला इतकी बोटं नसतात.

तिनं फिल्म लिफाफ्यात घातली.

बाहेर उन्हात प्रेरणा धावत सुटली. दोन्ही पाय बरोबर पडत होते. वाटेत खडा टोचला तर "आई गं!" म्हणून ओरडली, आणि ज्योत्स्नाला ते ओरडणं इतकं गोड लागलं की तिनं पोरीला उचलून मुके घेतले. योगेंद्रनं पोरीला फुगा घेऊन दिला, आईसाठी पेढे घेतले, ज्योत्स्नाच्या केसांत स्वतःच्या हातानं गजरा माळला. रस्त्यावर, लोकांसमोर. लग्नानंतर पहिल्यांदा.

एसटी स्टँडवर लागलीच होती. योगेंद्र आधी चढला आणि तीन जणांच्या बाकावर मधे बसला. प्रेरणा खिडकीकडे सरकायला लागली तसा त्यानं तिला हळूच धरून मांडीवर घेतलं.

"तिथं नको, पेरू."

"मले खिडकी पायजे."

"उद्या. आज नको." त्याचा आवाज मऊ होता, समाधानी होता. खिडकीकडे त्यानं पाहिलं नाही. फक्त खांदा थोडा आवरून घेतला, दाटीत बसल्यावर माणूस घेतो तसा.

ज्योत्स्ना कडेला टेकली. गाडी भरत गेली. बाया पिशव्या घेऊन मधे उभ्या राहिल्या. खिडकीजवळची जागा रिकामीच होती. तिथलं रेक्झिन मात्र खाली दबलं होतं, बाकाच्या लोखंडापर्यंत, आणि गाडीला हिसका बसला तरी वर येत नव्हतं.

प्रेरणा बापाच्या मांडीवर फुग्याशी खेळत होती. योगेंद्रनं ज्योत्स्नाचा हात आपल्या हातात घेतला. हात गरम होता, जिवंत होता, आणि म्हातारपणापर्यंत तसाच राहणार होता.

एका बाईनं डोक्यावरचं बोचकं सावरत वाकून विचारलं, "बाई, तिथं कोनी हाये का?"

ज्योत्स्नानं नवऱ्याकडे पाहिलं. पोरीकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "हाये."